कॉन्स्टंटाईन बादशहाने बाप्तिस्मा मरणाच्या दारात का घेतला?

गोदाकाठचा (धागाकर्ता)

रोमचा बादशहा कॉन्स्टंटाईन. ३१२ साली मिल्वियन पुलाच्या लढाईआधी त्याला ख्रिस्ताचं चिन्ह दिसलं म्हणतात. ३१३ साली ख्रिस्ती लोकांना उघडपणे उपासना करायची मोकळीक मिळाली. ३२५ साली नायसियाची धर्मपरिषद त्यानेच भरवली आणि बिशपांच्या वादात स्वतः जाऊन बसला. एवढं सगळं करणाऱ्या माणसाचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, मात्र झालेला नव्हता. तो झाला ३३७ साली, निकोमिडियाजवळ, दुखणं हाताबाहेर गेल्यावर. त्यानंतर त्याने जांभळी राजवस्त्रं अंगाला लावली नाहीत, पांढऱ्या कपड्यांतच गेला. चरित्रकार युसेबियस सांगतो की येशूप्रमाणे आपलाही बाप्तिस्मा यार्देन नदीत व्हावा अशी त्याची इच्छा होती. ती राहून गेली.

यावर ठरलेलं भाष्य असं की बादशहा पक्का राजकारणी होता, मनाने ख्रिस्ती कधी झालाच नाही. मला हे पटत नाही. माझं म्हणणं असं की तो बाप्तिस्म्याला घाबरत होता, आणि घाबरत होता कारण त्याचा त्यावर विश्वास होता.

पहिल्या तीनशे वर्षांत बाप्तिस्म्याने मागची सगळी पापं पुसली जातात ही समजूत ठाम होती. पण तो एकदाच. पुढे हातून मोठं पाप घडलं तर? बायबलमधल्या, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, एकदा प्रकाश मिळाल्यावर जे पतन पावले त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असं स्पष्ट लिहिलंय. दुसऱ्या शतकात रोममधला ख्रिस्ती लेखक हर्मास जरा सैल सोडतो: बाप्तिस्म्यानंतर आणखी एक संधी, पण एकच. ती संधी म्हणजे सर्वांसमोर कबुली, उपास, मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) दाराशी रडत उभं राहणं, वर्षानुवर्षं प्रभुभोजनापासून, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीपासून, लांब. खून, व्यभिचार, धर्मत्याग यांना तर काही ठिकाणी तीही वाट नव्हती. आता ३२६ साली स्वतःच्या मुलाला, क्रिस्पसला, ठार करवणारा बादशहा डोळ्यांसमोर आणा. गादीवर बसून फाशीचे हुकूम काढायचे, युद्धं करायची, आणि वर पांढरं वस्त्र डागाशिवाय ठेवायचं, हे आपल्याच्याने होणार नाही हे त्याला नीट ठाऊक होतं.

म्हणजे त्या काळी बाप्तिस्मा ही नाव घालायची किंवा सभासद व्हायची गोष्ट नव्हती. प्रेषित पौल रोमकरांस पत्रात लिहितो की बाप्तिस्मा घेतलेला माणूस ख्रिस्ताबरोबर मेला, पुरला गेला आणि नव्या जीवनात चालायला उठला. गलतीकरांना तो सांगतो की तुम्ही ख्रिस्त अंगात घातलाय, आता यहूदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद उरला नाही. ख्रिस्ती लेखक जस्टिन दुसऱ्या शतकाच्या मध्यात याला ‘प्रकाशन’, म्हणजे उजेड मिळणं, म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानात तो पाण्याने आणि आत्म्याने झालेला नवा जन्म आहे. मरण, जन्म, अंघोळ, वस्त्र, उजेड, सगळं एकाच पाण्यात. कुणी बसून व्याख्या केली नव्हती. आधी लोक पाण्यात उतरत होते, अर्थ मागून गोळा होत गेले. माझ्या मते या संस्काराचा सगळा इतिहास असाच आहे, आधी प्रथा, मग तिच्या मागे धावणारं तत्त्वज्ञान.

इथे वसईची, अहमदनगरची मंडळी आहेत, त्यांनी भर घालावी.

---

वाचनवेडा

वाचतोय. पण ही तर सरळसरळ पळवाट झाली की! आयुष्यभर काय हवं ते करा, शेवटच्या दिवशी एक डुबकी मारा आणि स्वर्गात. बिशप लोकांना हे चालत होतं?

---

गोदाकाठचा

@वाचनवेडा, अजिबात चालत नव्हतं, पण थांबवताही येत नव्हतं. बिशप ग्रेगरी नाझियान्झसने ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये यावर लांबलचक प्रवचन दिलंय. मरण काय सांगून येतं का, तापात तुझी जीभ चालेनाशी झाली तर कबुली कोण देणार, असं तो श्रोत्यांना धारेवर धरतो. गंमत म्हणजे तो स्वतः बिशपचा मुलगा, आणि तरुणपणी अथेन्सला जाताना समुद्रात वादळ झालं तेव्हा त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. बुडून मरण्यापेक्षा बाप्तिस्म्याशिवाय मरायची भीती त्याला जास्त वाटली होती.

अम्ब्रोजचं तर आणखी पुढे. ३७४ साली मिलानच्या लोकांनी त्याला बिशप निवडलं तेव्हा तो प्रांताचा अधिकारी होता, बाप्तिस्मा बाकीच. घाईघाईने तो उरकला आणि आठवडाभरात गृहस्थ बिशपच्या खुर्चीवर.

पुढे मोठा धर्मपंडित झालेला ऑगस्टीन लहानपणी पोटदुखीने मरायला टेकला होता. आईने बाप्तिस्म्याची तयारी केली, तेवढ्यात पोरगं बरं झालं आणि बेत पुढे ढकलला. तो लिहितो की तेव्हा लोक सर्रास म्हणायचे, “करू द्या त्याला काय करायचं ते, अजून बाप्तिस्मा कुठे झालाय.”

---

मिस्कीलराव

“लग्न होऊ दे, सुधारेल” याचा चौथ्या शतकातला अवतार :)

---

आडवाटेने

माझी शंका बाळबोध असेल, पण विचारतेच. कुंभमेळ्यात रामकुंडावर डुबकी मारली की पापं धुतली जातात असं आपण म्हणतो. मग यात वेगळं काय? पाणी तेच, पाप तेच.

---

उंबरठा

@आडवाटेने ताई, शंका मुळीच बाळबोध नाही, त्या काळच्या लोकांनाही पडली होती. यहूद्यांमध्ये शुद्धीची स्नानं होतीच. जेरुसलेमच्या मंदिराजवळ खोदकामात पायऱ्यांची स्नानकुंडं ढिगाने सापडली आहेत, मृत समुद्राकाठी कुमरानलाही आहेत. पण ती स्नानं पुन्हा पुन्हा करायची आणि आपली आपण करायची. येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने दोन गोष्टी बदललेल्या दिसतात. स्नान एकदाच, आणि दुसऱ्याच्या हातून. म्हणून तर लोक त्याला ‘बाप्तिस्मा करणारा’ म्हणू लागले.

त्यातही मजा अशी की याच योहानाबद्दल यहूदी इतिहासकार जोसेफस वेगळंच सांगतो. त्याच्या मते योहानाचं स्नान पापक्षमेसाठी नव्हतं. मन आधीच नीतीने शुद्ध झालेलं असावं, पाणी फक्त देहासाठी. शुभवर्तमान लिहिणारा मार्क मात्र त्याला पापक्षमेसाठीचा, पश्चात्तापाचा बाप्तिस्मा म्हणतो. दोघेही पहिल्या शतकातले, माणूस एकच, नदी एकच, अर्थ दोन.

कुंभाशी माझ्या मते खरा फरक मालक बदलण्याचा आहे. कुंभाहून परत आलेला माणूस त्याच घरात, त्याच जातीत, त्याच देवांकडे येतो. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये किंवा रोममध्ये पाण्यातून वर आलेल्या माणसाचं तसं नव्हतं.

---

गोदाकाठचा

उंबरठा, तो विधी तुम्हीच सविस्तर लिहा ना. मी मूळ लेखात टाळला, कारण फार लांबला असता.

---

उंबरठा

लिहितो, लांबेल.

सगळ्यात जुनी सूचना ‘डिडाखे’ नावाच्या छोट्या पुस्तिकेत आहे, साधारण पहिल्या शतकाच्या शेवटची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. वाहत्या पाण्यात द्यावा. ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, गार नाही जमलं तर कोमट. पुरेसं पाणीच नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. आधी एक-दोन दिवस उपास. झालं, इतकंच. बुडवायचं की शिंपडायचं यावर पुढे लोकांनी डोकी फोडून घेतली, पण ही पुस्तिका किती व्यवहारी आहे बघा.

मग येते ‘प्रेषितीय परंपरा’. पूर्वी ही सरळ हिप्पोलिटसच्या नावावर, २१५च्या आसपासची धरत. आता बरेच अभ्यासक म्हणतात की यात वेगवेगळ्या काळचे थर आहेत. तरी चित्र जबरदस्त आहे. दीक्षार्थीला आधी धंदा विचारायचा. कुंटणखाना चालवणारा, ग्लॅडिएटर, रथशर्यतीतला सारथी, मूर्ती घडवणारा: धंदा सोड नाहीतर निघ. शिपायाने कुणाला मारायचं नाही, हुकूम आला तरी. शाळामास्तरने मुलांना ऐहिक विद्या शिकवणं सोडलं तर उत्तम, पण दुसरं काही येत नसेल तर चालवून घ्या! (मास्तर मंडळींची अवस्था तेव्हाही अशीच.) मग तीन वर्षं शिकवण. वागणूक चांगली असेल तर मुदत कमी.

बाप्तिस्म्याच्या रात्री जागरण, कोंबडा आरवल्यावर पाण्यावर प्रार्थना. कपडे सगळे उतरवायचे. आधी मुलं, मग पुरुष, शेवटी बायका, केस मोकळे सोडून, दागिने काढून. सैतानाला नकार देऊन भूत घालवायच्या तेलाने अभ्यंग. मग पाण्यात उभं राहून तीन प्रश्न: पित्यावर विश्वास ठेवतोस? पुत्रावर? पवित्र आत्म्यावर? प्रत्येक होकाराला एक डुबकी. वर आल्यावर पुन्हा तेल, कपडे, बिशपचा हात डोक्यावर, शांतीचं चुंबन, आणि पहिल्या प्रभुभोजनात भाकर आणि द्राक्षारसाबरोबर दूध आणि मध, म्हणजे देवाने वचन दिलेल्या देशात पोचल्याची खूण.

विवस्त्र बायकांना पुरुषाने तेल कसं लावायचं हा प्रश्न होताच. तिसऱ्या शतकातला सीरियाकडचा ‘डिडास्कालिया’ सांगतो की हे काम स्त्री-सेविकांनी करावं. या सेविकांचं पद असण्यामागे हे एक अगदी रोकडं कारण.

जेरुसलेममध्ये चौथ्या शतकात दीक्षार्थी पश्चिमेकडे, म्हणजे अंधाराच्या दिशेला तोंड करून हात पुढे काढून सैतानाला नकार देई, जणू तो समोर उभा आहे. मग गर्रकन पूर्वेकडे वळून विश्वासाची कबुली. तिथला बिशप सिरिल याच्या नावावरच्या प्रवचनांत नव्या लोकांना सांगितलंय की ते पाणी तुमची कबरही झालं आणि आईही. आणि लक्षात घ्या, हा अर्थ त्यांना बाप्तिस्मा झाल्या*नंतरच्या* आठवड्यात सांगत! आधी अनुभव, मग उलगडा. गोदाकाठचा यांच्या ‘आधी प्रथा’ या मुद्द्याला हे पूरक आहे.

प्रत्यक्ष जागा बघायची असेल तर सीरियातलं डुरा-युरोपस. २५६च्या सुमारास शहर पडलं आणि तटबंदीच्या भरावाखाली एक घर-चर्च जसंच्या तसं गाडलं गेलं. त्यात बाप्तिस्म्याचं छोटं कुंड, भिंतींवर मेंढपाळ, कबरीकडे निघालेल्या स्त्रिया, पाण्यावर चालणारा पेत्र. ती चित्रं आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. पाण्यासमोर कबर रंगवली, यावरून काय ते समजा.

---

सई_सकाळ

काय सुंदर प्रतिसाद! दूध-मध माहीत नव्हतं. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

---

चिंचेचा_बन

मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडे आज तान्ह्या बाळाचाच बाप्तिस्मा होतो. तेल, पांढरं वस्त्र, पास्काच्या (ईस्टरच्या) मेणबत्तीवरून पेटवलेली मेणबत्ती, धर्ममातापित्यांना विचारलेले प्रश्न, वरचं बरंचसं ओळखीचं वाटलं. पुनरुत्थान सणाच्या आदल्या रात्री सगळी ख्रिस्तसभा मेणबत्त्या घेऊन “सैतानाचा त्याग करता का?” “करतो” असं दरवर्षी म्हणते, त्याचं मूळ हेच.

पण गोदाकाठचा, तुमचा लेख वाचून वाटेल की बालकांचा बाप्तिस्मा नंतर घुसडला. तसं नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लुदियेचा आणि फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा बाप्तिस्मा ‘घरच्यांसह’ झाला. घरात मुलं नव्हती का? तिसऱ्या शतकातला धर्मपंडित ओरिजेन तर म्हणतो की बालकांना बाप्तिस्मा द्यायची परंपरा प्रेषितांकडूनच आली.

---

तर्कटपंजी

घरात मुलं असतीलही, पण मजकुरात नाहीत. नसलेल्या बाळाला पाण्यात बुडवू नका. याच वादावर जर्मनीत योआखिम येरेमियास यांनी १९५८ साली आणि त्यांच्या विरोधात कुर्ट आलांट यांनी १९६१ साली पुस्तकं लिहिली. पुरावा तोच वाचून दोघे उलट्या टोकाला.

बालकांच्या बाप्तिस्म्याचा पहिला स्पष्ट उल्लेख टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाकडे आहे, कार्थेज, २००च्या आसपास, आणि तो *विरोधात* आहे. या निष्पाप वयाला पापक्षमेची घाई कसली, शिकू द्या, ख्रिस्ताला ओळखू द्या, मग येऊ द्या. अविवाहितांनी आणि विधवांनीही लग्न होईपर्यंत किंवा संयम पक्का होईपर्यंत थांबावं असंही सांगतो. म्हणजे कॉन्स्टंटाईनची भीती सव्वाशे वर्षं आधी लिहून ठेवलेली. अर्थात विरोध करतोय म्हणजे कुणीतरी ते करत होतं, हेही खरं.

बाकी, ‘आरंभीची मंडळी’ असं एकवचनात बोलणंच चूक. प्रेषितांची कृत्ये वाचा. शोमरोनात बाप्तिस्मा झाला पण पवित्र आत्मा आला नाही, प्रेषित पेत्र आणि प्रेषित योहान येऊन हात ठेवेपर्यंत. कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी उलट, आत्मा आधी, पाणी मागून. एका पुस्तकात क्रमच ठरलेला नाही, अर्थ कुठून ठरणार?

---

शिलालेखी

मुलांच्या बाबतीत पुस्तकांपेक्षा थडगी जास्त बोलतात. रोमच्या भुयारी दफनभूमीत अप्रोनियानस नावाच्या बाळाचा लेख आहे. वय एक वर्ष नऊ महिने आणि काही दिवस. आजीचा त्याच्यावर फार जीव. तो वाचणार नाही असं दिसल्यावर तिने मंडळीकडे मागणी केली की याला विश्वासी म्हणून जगातून जाऊ द्या. लेखाच्या सुरुवातीला जुन्या रोमन पद्धतीचं मृतात्म्यांच्या देवतांना वंदनही आहे! म्हणजे घर बहुधा पुरतं ख्रिस्ती नव्हतं, आजी असावी.

असे आणखी लेख आहेत ज्यांत बाप्तिस्मा आणि मृत्यू यांत थोडेच दिवसांचं अंतर आहे. एव्हरेट फर्ग्युसन या अभ्यासकाचं मत असं की बालकांचा बाप्तिस्मा आजारपणातल्या घाईतून सुरू झाला आणि मग सरसकट झाला. जन्मल्या जन्मल्या देत असते तर मरणाच्या आदल्या दिवशी द्यायची वेळ का आली असती? मला हे पटतं. त्या काळात दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण बघता आजीचा हट्ट धर्मपंडितांपेक्षा भारी पडला असणार.

---

चिंचेचा_बन

@शिलालेखी, लेख हृदयाला भिडला. पण कार्थेजचा बिशप सिप्रियन विसरू नका. तिसऱ्या शतकाच्या मध्यात फिडुस नावाच्या बिशपने विचारलं की यहूद्यांच्या सुंतेसारखं आठव्या दिवशीपर्यंत थांबावं का? सिप्रियन आणि त्याच्याबरोबरच्या ६६ बिशपांनी कळवलं की एक दिवससुद्धा थांबायचं कारण नाही. म्हणजे टर्टुलियननंतर पन्नासेक वर्षांत, त्याच कार्थेजमध्ये, निरोगी बाळांचा बाप्तिस्मा रूढ होता.

---

शिलालेखी

मान्य. आफ्रिकेपुरतं मान्य. चौथ्या शतकात मात्र बेसिल, ग्रेगरी, क्रिसोस्तम, ऑगस्टीन हे पुढे मोठे बिशप झालेले, सगळे ख्रिस्ती आयांचे मुलगे आणि सगळे मोठेपणी पाण्यात उतरलेले. प्रथा सरळ रेषेत वाढत नाहीत.

---

पेणचा_पाव्हणा

आमच्या ओळखीत एकाने दुसऱ्या मंडळीत गेल्यावर पुन्हा बाप्तिस्मा घेतला, बुडवून. आधीचा लहानपणचा, शिंपडलेला, म्हणे धरत नाहीत. घरात सहा महिने अबोला. हेही जुनंच आहे का?

---

उंबरठा

जुनंच, आणि याहून कडू. छळाच्या काळात फुटून निघालेल्या गटाने दिलेला बाप्तिस्मा खरा की खोटा, यावर सिप्रियन आणि रोमचा बिशप स्तेफन भांडले. सिप्रियनचं म्हणणं, मंडळीबाहेर पवित्र आत्माच नाही तर तो देणार काय? पुन्हा द्या. स्तेफनचं म्हणणं, पाणी झालंय, आता फक्त हात ठेवून आत घ्या. २५६ साली कार्थेजमध्ये ८७ बिशप जमले, एकेकाने उठून मत दिलं, सगळे सिप्रियनच्या बाजूने. तरी शेवटी टिकलं ते रोमचंच. ३१४च्या आर्लच्या परिषदेने तोच कौल दिला आणि पुढे ऑगस्टीनने डोनाटिस्टांशी (आफ्रिकेतल्या फुटीर ख्रिस्ती गटाशी) भांडताना त्याला सिद्धांताचं रूप दिलं: देणारा कसाही असो, बाप्तिस्मा ख्रिस्ताचा.

आणि शिंपडण्याबद्दल: अंथरुणावर पडलेल्यांना पाणी ओतून दिलेला बाप्तिस्मा सिप्रियननेच खरा मानलाय. रोमच्या फुटीर गटाचा पुढारी नोव्हाशियन याचा बाप्तिस्मा असाच अंथरुणावर झाला होता, त्याला मात्र विरोधकांनी यावरूनच टोमणे मारले.

---

तर्कटपंजी

आणि इथेच गोदाकाठचा यांचा मुद्दा मला सगळ्यात पक्का वाटतो, ऑगस्टीनपाशी. पेलाजियस या धर्मशिक्षकाच्या बाजूचे लोक म्हणत की बाळ निष्पाप जन्मतं. ऑगस्टीन उलट विचारतो, मग बाप्तिस्म्याआधी त्याच्यावर फुंकर घालून सैतानाला हाकलता ते कुणाला? पापक्षमेसाठी म्हणून बाप्तिस्मा देता ते कुठलं पाप? बाळाने स्वतः काही केलेलं नाही, म्हणजे आदामाचं. ४१८च्या कार्थेज परिषदेने हे मान्य केलं. विधी आधीपासून चालू होता, त्याला कारण नंतर सापडलं, आणि त्या कारणापुढे पुढची हजार वर्षं पश्चिमेकडच्या आयांची झोप उडाली. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी बाळांना बाप्तिस्मा दिला, पण आदामाचा *दोष* बाळाच्या माथी या रीतीने मारला नाही. टर्टुलियनचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

---

चिंचेचा_बन

तुमचं ‘कारण नंतर सापडलं’ हे तुम्ही खिजवायला म्हणता. आम्ही त्यालाच परंपरा म्हणतो. मंडळी जे करते त्यावरून ती काय मानते ते कळतं. तुमच्या नास्तिकपणालाही आमचा आदर आहे हो :)

---

आडवाटेने

मला आता कळतंय की ‘मालक बदलणं’ म्हणजे काय. मग बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ताला मानणाऱ्यांचं काय होत असे? आपल्याकडे रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यापायी घर दुभंगलं. लक्ष्मीबाई काही वर्षांनी आल्या. आणि त्याच टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ काढला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. आरंभीच्या काळात अशी जागा होती का?

---

गोदाकाठचा

@आडवाटेने, होती, आणि मोठी होती: दीक्षार्थींची. त्यांना ख्रिस्ती म्हणत, प्रवचनापर्यंत बसू देत, प्रभुभोजनाच्या आधी बाहेर पाठवत. चौथ्या शतकात हजारो लोक आयुष्यभर याच ओसरीवर राहिले, आमच्या बादशहाचंही तसंच काहीसं. टिळकांच्या दरबाराशी फरक एवढा की तिथे ओसरी ही वाट पाहायची जागा होती, राहायची नव्हे.

दीक्षार्थी छळात मारला गेला तर त्याचं रक्त हाच बाप्तिस्मा, असं टर्टुलियन आणि सिप्रियन दोघेही म्हणतात. पर्पेतुआला २०३ साली कार्थेजमध्ये पकडलं तेव्हा ती दीक्षार्थी होती, वय बावीसच्या आसपास, अंगावर पिणारं मूल. अटकेनंतर पहाऱ्यातच बाप्तिस्मा झाला. तिच्या नावावरच्या रोजनिशीत ती लिहिते की आत्म्याने तिला सुचवलं, या पाण्याकडे देहाला सोसायचं बळ एवढंच माग, दुसरं काही नको.

@तर्कटपंजी, एक गोष्ट तुमच्यासाठी. ऑगस्टीनचा एक जिवलग मित्र तापाने बेशुद्ध होता, घरच्यांनी त्याच अवस्थेत बाप्तिस्मा देऊन टाकला. तो जरा शुद्धीवर आल्यावर ऑगस्टीनने, तेव्हा तो तुमच्यासारखाच, थट्टा केली की तुला न विचारताच उरकलं की रे. मित्राने त्याच्याकडे शत्रूकडे बघावं तसं बघितलं आणि सांगितलं, मैत्री टिकवायची असेल तर असं पुन्हा बोलू नकोस. काही दिवसांत ताप उलटला आणि तो गेला. ऑगस्टीनला ते वर्षानुवर्षं उमजलं नाही. ३८७च्या ईस्टरला मिलानमध्ये अम्ब्रोजच्या हातून तो स्वतः पाण्यात उतरला. ते अष्टकोनी कुंड आजही तिथल्या मोठ्या कॅथेड्रलच्या खाली उतरून बघता येतं.

---

तर्कटपंजी

मित्राची गोष्ट माहीत होती, पण माझा मुद्दा तिने आणखी घट्ट होतो. बेशुद्ध माणसाला विचारलं नाही तसंच बाळालाही विचारत नाहीत. टर्टुलियनवर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.